चाकांची सफाई व तिचीं साधनें

रस्त्याच्या कडेच्या लहान गॅरेजांत मोटारी व मोटारसायकली यांचीं चाकें घासण्याचें काम बहुधा सर्वांत नव्या पोराकडे येतें. ज्याला अद्याप पान्हा नीट धरतां येत नाहीं, त्याच्या हातीं बादली व ब्रश द्यावा, अशी जुनी रीत आहे. हें काम हलकें समजलें जातें. परंतु विचार केल्यास रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान व आरोग्यशास्त्र या तिन्ही विषयांचे धडे त्यांत एकत्र आलेले दिसतात, आणि ते न शिकतां काम करणाराचा डोळा, हात अथवा फुप्फुस कायमचें अधू होण्याचा संभव असतो. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कांहींजण पुढें याच धंद्यांत शिराल व उरलेल्यांच्या गाड्या त्यांच्याकडे येतील. यास्तव या साधनांची माहिती दोघांनाही उपयोगी पडेल.

प्रथम मळाचा विचार करूं. चाकावर बसणारा मळ दोन प्रकारचा असतो. एक, रस्त्यावरील चिखल, डांबर व वंगण. दुसरा, ब्रेकची काळी भुकटी. चिखल साबणाच्या पाण्यानें सुटतो. डांबराचे ठिपके रॉकेलच्या बोळ्यानें निघतात. मात्र रॉकेल टायरच्या रबराला लागूं देऊं नये. भुकटीची गोष्ट निराळी आहे. ब्रेक दाबला म्हणजे त्याचें अस्तर व लोखंडी तबकडी एकमेकांवर घासून झिजतात. त्यांतील तप्त लोहकण चाकावर चिकटतात, पुढें गंजतात व तपकिरी डाग धरतात.

गॅरेजांत हवा भरण्याचा कॉम्प्रेसर असतोच. त्याची नळी लावून ही भुकटी फुंकून काढण्याचा मोह होतो. परंतु ही चाल फार घातक आहे. ब्रेकच्या अस्तरांत अनेक वर्षें ॲस्बेस्टॉस घालीत असत. त्याचे तंतु अत्यंत सूक्ष्म असून श्वासाबरोबर फुप्फुसांत शिरतात, तेथेंच रुतून राहतात, आणि वीस-तीस वर्षांनंतरही कर्करोगाचें कारण होऊं शकतात. कोणत्या अस्तरांत तो आहे व कोणत्यांत नाहीं, हें नुसत्या डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं. म्हणून सर्वच भुकटी अपायकारक समजून ती आधीं पाण्यानें हळूच भिजवावी, ओल्या फडक्यानें पुसावी, आणि फडकें ओलें असतांनाच पिशवींत बांधून टाकावें. कोरडा ब्रश व जोराची हवा यांस येथें मज्जाव असावा.

भुकटी निघाल्यावर धुण्याची पाळी येते. त्यासाठीं दोन बादल्या घ्याव्या. एक साबणाची व एक ब्रश खळबळण्याची. एकच बादली वापरल्यास तिच्या तळाची वाळू ब्रशाबरोबर पुनः चाकावर येते व तेथें ओरखडे पाडते. पाणी जोरानें मारणारा पंप असल्यास त्याची धार टायरच्या बाजूवर व बेअरिंगच्या तोंडावर जवळून धरूं नये. त्यानें रबराला इजा होते व वंगणांत पाणी शिरतें. चाक तापलेलें असेल तर तें निवेपर्यंत थांबावें.

आतां मुख्य नियम सांगतों: धातु ओळखल्यावांचून साधन हातांत घेऊं नये. ओळखण्यास एक लहानसा लोहचुंबक पुरे. चुंबक चिकटला तर चाक पोलादाचें; न चिकटला तर बहुधा अल्युमिनियमच्या मिश्रधातूचें. पोलादी चाकावर रंग असतो. जेथें रंग उडून गंज चढला असेल, तेथें तारेचा ब्रश चालतो. परंतु नंतर लगेच अस्तराचा व वरचा रंग दिला पाहिजे. मोटारसायकलच्या आऱ्यांवर व धांवेवर पुष्कळदां क्रोमचा मुलामा असतो. हा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. त्यावर तारेचा ब्रश फिरविणें म्हणजे चकाकी काढून गंजाला वाट करून देणें होय. तेथें मऊ कापडच योग्य.

अल्युमिनियमचा स्वभाव आणखी निराळा. हवेंत त्याच्यावर आपोआप एक पातळ ऑक्साइडचा थर चढतो व तोच त्याचें रक्षण करतो. परंतु हा थर आम्लांत विरघळतो, तसाच अल्कलींतही विरघळतो. म्हणून कॉस्टिक सोड्यानें घासलेलें चाक स्वच्छ होण्याऐवजीं काळवंडतें. बाजारांत मिळणाऱ्या कांहीं द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल अथवा त्याचे क्षार असतात. हें आम्ल कांचेलाही खातें. पातळ द्रावण कातडीला लागल्यास त्या क्षणीं कांहीं वाटत नाहीं. वेदना कांहीं तासांनीं सुरू होतात, आणि तोंवर तें खोल जाऊन शरीरांतील कॅल्शियमशीं संयोग पावलेलें असतें. असें घडल्यास जागा भरपूर पाण्यानें धुवावी, आणि बाटली बरोबर घेऊन तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचें मलम वापरतात. खरें पाहतां लहान गॅरेजानें अशी बाटली ठेवूंच नये. लोहकण काढणारीं दुसरीं द्रावणें मिळतात. तीं लोहाशीं संयोग पावून जांभळीं होतात, आणि मळ कोठें आहे हें आपोआप दाखवितात.

यानंतर झळाळी आणण्याचीं साधनें पाहूं. वार्निश नसलेल्या अल्युमिनियमवर प्रथम ४०० नंबरचा, मग ८०० व १५०० नंबरचा पाण्याचा काचकागद क्रमानें वापरतात. शेवटीं कापडी बफावर पॉलिशची वडी लावून चाकाचा भाग त्यावर धरतात. चाकावर पारदर्शक वार्निश असेल तर मात्र बफ लावूं नये. वार्निश निघून जातें, आणि आज चमकणारें चाक पावसाळ्यांत पांढुरक्या डागांनीं भरतें.

बफाचा वेग किती असतो याचें गणित करून पाहा. व्यास २० सेंटिमीटर असल्यास परिघ सुमारें ६३ सेंटिमीटर होतो. मोटर मिनिटाला २,८०० फेरे करीत असेल, तर कडेचा वेग तासाला सुमारें १०५ किलोमीटर भरतो. हाच बफ मिनिटाला ११,००० फेरे करणाऱ्या ग्राइंडरवर चढविला तर वेग जवळजवळ चौपट होतो. आणि कडेला बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढत असल्यानें तो सुमारें सोळापट होतो. म्हणूनच प्रत्येक बफावर व तारेच्या चक्रावर फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. ती वाचल्याशिवाय जोडणी करणें म्हणजे अंगावर संकट ओढवून घेणें होय. काम नेहमीं बफाच्या मध्याखालीं धरावें, म्हणजे निसटलें तर तें अंगावर न येतां खालीं जातें. सैल बाही, गळपट्टा अथवा ढगळ हातमोजे घालूं नयेत. डोळ्यांवर चष्मा अवश्य असावा.

मोटारसायकल मधल्या स्टँडवर उभी करून, इंजिन चालू ठेवून, फिरत्या चाकाला व सांखळीला फडकें लावण्याची एक चाल आहे. फडकें सांखळींत सांपडलें म्हणजे बोटही त्याबरोबर जातें. इंजिन बंद करून चाक हातानें फिरविण्यास फार तर पांच मिनिटें अधिक लागतात.

राहतां राहिली घासल्यावर उडणारी धूळ. चीन देशांतील कुन्शान शहरीं मोटारींच्या अल्युमिनियम चाकांना झळाळी देणारा एक कारखाना होता. तेथें २ ऑगस्ट २०१४ रोजीं सकाळीं अल्युमिनियमच्या सांचलेल्या धुळीचा स्फोट झाला. त्याच दिवशीं ७५ कामगार मरण पावले, आणि भाजलेल्यांपैकीं पुढें दगावलेले धरून ही संख्या १४६ झाली. धूळ वेळेवर काढली जात नव्हती. ओल लागून ती तापली व पेटली, असें चौकशींत आढळलें. आपल्या गॅरेजांत धूळ थोडी असते हें खरें, पण धातु तोच आहे. यास्तव अल्युमिनियम घासण्याच्या जागीं लोखंड घासून ठिणग्या पाडूं नयेत. धूळ रोज मऊ कुंच्यानें हलकेच गोळा करावी. ती फुंकूं नये, आणि ओली करून घट्ट डब्यांत कोंडूंही नये, कारण पाण्याशीं संयोग होऊन हायड्रोजन वायु सुटतो.

सफाईचा खरा लाभ झळाळीपलीकडचा आहे. मळ गेल्यावर तडा गेलेली धांव, सैल झालेला आरा, झिजलेलें अस्तर हीं दृष्टीस पडतात. जो मुलगा चाक पुसतांना त्याकडे लक्ष देतो, तो गाडीतील माणसांचे प्राण राखतो. याच कारणानें पॉलिश अथवा तेल ब्रेकच्या तबकडीवर किंवा टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर चुकूनही लागूं देऊं नये. चाक उतरविलें असल्यास नट समोरासमोरचे क्रमानें आवळून मिस्त्रीकडून एकवार तपासून घ्यावे.

हीं साधनें पुरविणें मालकाचें काम आहे, तशींच चष्मा, मुखपट्टी व योग्य हातमोजे पुरविणें हेंही त्याचेंच कर्तव्य आहे. गिऱ्हाइकानेंही झळाळीची घाई करूं नये. बिघडलेलें चाक बदलून मिळतें. तें घासणाऱ्या मुलाचें फुप्फुस कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं.