फुलीच्या टाक्यातून बोधचिन्ह

बोधचिन्ह काढायला बसलेला विद्यार्थी बहुधा पुस्तकातील एखादी नक्षी उचलतो आणि तिच्याभोवती वर्तुळ काढून मोकळा होतो. पॅलेस्टाईनच्या ‘तत्रीझ’ या पारंपरिक भरतकामावरून एखाद्या संस्थेचे चिन्ह, रंग व किनार ठरवायची असेल, तर आधी त्या भरतकामाची घडण समजून घ्यावी लागते.

तत्रीझचा मुख्य टाका फुलीचा. कापडाचे उभे-आडवे धागे मोजून तो घालतात. धारवाडी कसुतीतील ‘मेंथी’ टाका ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चटकन उमगेल. एक फुली म्हणजे एक चौकोन. त्यामुळे तिरकी रेघदेखील पायऱ्यापायऱ्यांनीच चढते. सरूचे झाड, आठ टोकांचा ‘बेथलेहेमचा चंद्र’ या आकृती याच शिस्तीतल्या.

दुसरी गोष्ट गावाची. ‘थोब’ या पायघोळ झग्याची छाती, बाह्या व घेर भरीत असत. रामल्लाचे पांढऱ्या लिननवरील तांबडे भरतकाम आणि बेथलेहेमचे रेशमी व जरीच्या दोऱ्यांचे काम जाणकारांना दुरूनही ओळखू येई. १९४८ च्या युद्धात चारशेहून अधिक गावे ओस पडली. गावे गेली, पण त्यांच्या नक्ष्या निर्वासितांच्या छावण्यांतून टिकल्या. १९८७ साली सुरू झालेल्या उठावाच्या काळात ध्वजावर बंदी होती. तेव्हा स्त्रियांनी ध्वजाचे रंग थोबावर भरले. २०२१ मध्ये युनेस्कोने या कलेची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

आता प्रत्यक्ष पाठ. समजा, रामल्लातील एखाद्या ग्रंथालयासाठी चिन्ह करावयाचे आहे. चौकड्यांच्या कागदावर रुंदीला १५ व उंचीला २१ घरे घ्यावीत. १५ ही संख्या विषम असल्याने मधला रकाना सरूचे खोड होतो व दोन्ही बाजू सारख्या पडतात. रंग एकच, पांढऱ्यावर तांबडा. मग चिन्ह रबरी शिक्क्याएवढे लहान करून पाहावे. घरे एकमेकांत मिसळली, तर ७ घरे रुंदीची नवी आकृती पुन्हा मोजून काढावी. तीच रांगेने मांडली की पत्राच्या कागदाची किनार होते.

शेवटी, नक्षी कोणत्या गावची हे चिन्हासोबतच्या टिपणात अवश्य लिहावे. गावाचे नाव गाळून नक्षी तेवढी घेतली, तर छावण्यांतून जपलेली ती खूण आपल्याच हातून पुसली जाईल.