भांगेचे बी : साधे घ्यावे की केवळ मादीचे?

बी विकत घेताना त्याची जात, शुद्धता व उगवणशक्ती ह्या तीन गोष्टी पाहण्याची आपल्या शेतकरी बंधूंस सवय आहे. परंतु ज्या वनस्पतीत नराचे झाड निराळे व मादीचे निराळे असते, तिच्या बाबतीत चौथाही एक प्रश्न उपस्थित होतो; तो हा की, पेरलेल्या बियांतून नर किती निघणार व माद्या किती? पपईच्या जुन्या जाती लावणारे बागाईतदार हा प्रश्न चांगला ओळखतात. एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावावयाची, फुले दिसताच जादा नर उपटावयाचे व परागापुरते थोडे राखावयाचे, ही त्यांची वहिवाट आहे. भांगेच्या पिकात हाच प्रश्न फार बिकट होतो, व त्यावर काढलेला तोडगा म्हणजे केवळ मादीचे बी. हे बी केव्हा घ्यावे व केव्हा घेऊ नये, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

आरंभीच दोन खुलासे केले पाहिजेत. भांग म्हणजे आपल्याकडील ताग किंवा अंबाडी नव्हे. ती पिके निराळी. दुसरे असे की, १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यान्वये सरकारी परवानगीवाचून भांगेची लागवड करणे हा गुन्हा असून, त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. तेव्हा प्रस्तुत विवेचन जेथे परवाना आहे, तेथील शेतीचे समजावे.

नर व मादी

साध्या बियांतून नर व माद्या सुमारे निम्मे-निम्मे निघतात. दाणा पाहून भेद कळत नाही. कोवळ्या रोपावरूनही कळत नाही. प्रयोगशाळेत पानाची परीक्षा करून तो काढता येतो, परंतु शेतात कळ्या येईपर्यंत थांबावे लागते. नराच्या पेऱ्याशी बारीक गोल कळ्यांचे घोस लटकतात. मादीच्या पेऱ्याशी दोन पांढुरके केसर बाहेर डोकावतात. पराग वाऱ्याने पसरतो व तो कित्येक मैल जाऊ शकतो. पराग मिळताच मादीची शक्ती बी धरण्याकडे वळते व फुलोऱ्यातील राळ घटते. ज्यास राळयुक्त फुलोराच हवा, त्याच्या शेतात चुकून राहिलेला एक नरही मोठे नुकसान करितो.

हे ज्ञान नवे नाही. १८९३-९४ साली नेमलेल्या हेंप ड्रग्ज कमिशनने बंगालमधील राजशाही जिल्ह्यातील नौगाव येथील परवान्याच्या लागवडीची हकीकत नोंदविली आहे. तेथील शेतकरी नर ओळखून काढण्यासाठी ‘पोद्दार’ नावाच्या जाणकारास मजुरी देऊन आणीत. केवळ मादीचे बी हा एका अर्थी त्या पोद्दाराचाच पर्याय होय; तो शेत निवडी, हे बी आधीच निवडलेले असते.

केवळ मादीचे बी कसे होते

मादीच्या पेशींत लिंग ठरविणारी दोन्ही सूत्रे एकाच प्रकारची असतात. नराच्या पेशींत ती दोन निरनिराळ्या प्रकारची. मादीवरच नरफुले आणविली, तर त्यांच्या परागात नराचे सूत्र येणार कोठून? अशा परागाने दुसरी मादी फळविली म्हणजे तिचे जवळजवळ सर्व बी मादीचेच निपजते. ह्या शोधात भारतीय शास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे. दिल्ली विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ ह. य. मोहन राम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली जिबरेलिन ह्या वाढद्रव्याने, व १९८२ साली चांदीच्या क्षारांनी, मादी झाडांवर नरफुले आणून दाखविली. झाडातील इथिलीन वायूचे कार्य चांदी रोखते, म्हणून हा पालट घडतो. काकडीच्या केवळ मादीफुले धरणाऱ्या वाणांचे बी राखण्यासही हीच युक्ती योजितात.

कोणत्या पिकास कोणते बी

ह्याचा निर्णय हिशेबाने करावा. फुलोऱ्यासाठी पाच-पाच फुटांवर रोपे लाविल्यास एकरी सुमारे १,७४२ रोपे बसतात. साधे बी घेतल्यास तितक्या माद्या मिळण्यास दुप्पट रोपे वाढवावी लागतात, निम्मी उपटावी लागतात व रोज शेत तपासावे लागते. येथे केवळ मादीचे बी महाग असूनही परवडते.

वाखाचे पीक पाहा. सोट सरळ व बारीक यावे म्हणून ते दाट पेरितात. एकरी सुमारे २० ते २५ किलो बी लागते, म्हणजे दहा लाखांहून अधिक दाणे. एकेक दाणा मोजून विकले जाणारे बी येथे कोण घेईल? शिवाय नराचा वाख मादीच्या वाखाहून तलम असतो, म्हणून येथे नर टाकाऊ नाही. दाण्यासाठी लागवड करावयाची तर नराचा परागच हवा. तो नसेल तर दाणा भरणार नाही. ज्यास नर व मादी ह्यांच्या पक्वतेतील अंतर नको असेल, त्याच्यासाठी फ्रान्समध्ये एकाच झाडावर दोन्ही फुले धरणारे वाण तयार केले आहेत. ‘फेडोरा’, ‘फेलिना’ व ‘फुतुरा’ हे त्यांपैकी होत.

सावधगिरीच्या गोष्टी

केवळ मादीचे बी घेतले म्हणजे शेत तपासण्याचे काम संपले, असे समजू नये. उष्णता, पाण्याचा ताण किंवा प्रकाशातील गडबड ह्यांमुळे मादीवर आपोआप नरफुले येतात. ज्या मातृवृक्षात ही खोड असते, त्याच्या संततीतही ती उतरते. म्हणून विक्रेत्यास मातृवृक्षाविषयी विचारावे व थोडे बी आधी लावून पाहावे.

भाव पाहूनही सावध असावे. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने ०.३ टक्क्यांपर्यंत मादक द्रव्य असलेली भांग मोकळी झाली. २०१९ साली अनेकांनी औषधी द्रव्यासाठी महाग बी घेऊन लागवड केली व माल अतोनात झाल्याने भाव कोसळले. बियाचा खर्च मात्र पेरणीपूर्वीच होऊन चुकलेला होता.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा बियाच्या मालकीचा. साध्या बियाच्या शेतात नर व मादी दोन्ही असतात. शेतकरी चांगली झाडे निवडून पुढील सालचे बी स्वतः राखू शकतो. केवळ मादीच्या शेतात बी धरू द्यावयाचेच नसते. म्हणून दरसाल विक्रेत्याच्या दारी जावे लागते.

आपल्या देशापुरता निष्कर्ष

१९८५ च्या कायद्याचे १४ वे कलम सरकारला वाख किंवा बी ह्यांच्यासाठी औद्योगिक लागवडीस, तसेच बागकामासाठी, परवानगी देण्याचा अधिकार देते. उत्तराखंडाने २०१८ साली अशी औद्योगिक लागवड सुरू केली. फुलोरा मात्र कायद्याच्या व्याख्येत गांजाच ठरतो. म्हणजे केवळ मादीचे बी ज्या कामाचे, ते काम औद्योगिक परवान्यात बसत नाही. आणि ज्या कामास परवानगी मिळू शकते, त्यास नर हवाच. उद्या कोणी विक्रेता परवान्याचे आमिष दाखवून महाग मादी-बी गळ्यात मारू लागला, तर त्यास एकच प्रश्न विचारावा : ‘ह्या पिकाचे मी काय विकणार?’ उत्तर वाख किंवा दाणा असेल, तर ते बी घेऊ नये. माल ठरवावा, मग बी ठरवावे. हा क्रम उलटला की तोटा शेतकऱ्याच्याच पदरी येतो.