मंदीत मुकादम बदलण्याआधी : मुंबई एफसी क्लबचा हिशेब

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, या वेळी आम्ही सुताच्या भावाऐवजी एका फुटबॉल क्लबचा हिशेब मांडत आहोत. खेळातले आम्ही जाणकार नाही. आमच्या घरातली मुले सामने पाहतात, त्यांच्याकडून ऐकून आणि नंतर वर्तमानपत्रे चाळून ही हकीकत आम्हाला समजली. पण ज्या मालकाचे चार माग आहेत त्यालासुद्धा ती कामाची आहे.

मुंबई एफसी हा क्लब २००७ साली एस्सेल उद्योगसमूहाने काढला. २००९ पासून खालिद जमील हे त्याचे प्रशिक्षक होते. आधी ते याच संघाकडून खेळत. सात मोसम त्यांनी संघ सांभाळला. मोठा चषक मिळाला नाही, खेळही डोळे दिपवणारा नव्हता. पण आय-लीग या तेव्हाच्या देशातल्या वरच्या स्पर्धेतून संघ एकदाही खाली घसरला नाही. थोड्या पैशात उभ्या केलेल्या संघासाठी ही कमाई लहान नव्हती. आपल्या धंद्यात ज्याला भांडवल शाबूत ठेवणे म्हणतात, तेच हे.

२०१६ साली क्लबने जमील यांना निरोप दिला. नवा प्रशिक्षक आला. २०१७ च्या जानेवारीत मोसम सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत विजय मिळेनासे झाले. मग मोसम चालू असतानाच हाही प्रशिक्षक गेला आणि स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन आले. संघ शेवटच्या क्रमांकावर राहिला, खालच्या वर्गात गेला, आणि मालकांनी तो पुन्हा उभा करण्याऐवजी दुकानच आवरले.

दुसरीकडे जमील मिझोरममधल्या आयझॉल एफसीकडे गेले. हा क्लब आदल्याच मोसमात खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी स्पर्धेतून अंग काढून घेतले म्हणून त्याला परत जागा मिळाली. पैसा बेताचा. बरेचसे खेळाडू तिथलेच. मुंबई एफसीतले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही तिकडे खेळले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये लाजाँग संघाशी १-१ अशी बरोबरी करून आयझॉलने आय-लीग जिंकली. ईशान्य भारतातल्या क्लबला हा मान पहिल्यांदाच मिळाला. ज्या मोसमात मुंबईचा क्लब तळाला गेला, त्याच मोसमात त्याने सोडलेला माणूस अव्वल ठरला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारताच्या संघाचे प्रशिक्षक झाले.

कोणी म्हणेल, हा नशिबाचा खेळ. थोडा असेलही. पण आम्हाला हे वाचताना घाम फुटला, कारण त्याच महिन्यांत आम्ही भिवंडीत हेच केले होते.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी आली. पंधरवड्याचा पगार रोखीने, भिशीवाल्याचे पैसे रोखीने, आणि बँकेपुढे रांग. कारागीर गावाकडे निघू लागले. डिसेंबरात आमच्या कारखान्यात ताके निम्म्यावर आले, त्यातही डागी माल जास्त. मुकादम आमच्याकडे अकरा वर्षांचा, कमी बोलणारा. आम्ही गादीवर बसून ठरवले की याची पकड गेली. त्याला काढले आणि एका तोंडाळ, चलाख माणसाला ठेवले. आठ दिवसांत सहा कारागीर जुन्या मुकादमाच्या मागे दुसऱ्या कारखान्यात गेले. फेब्रुवारीत आमचे बावीसपैकी पंधरा माग बंद होते.

खरे कारण वहीत होते. सायझिंगवाल्याची तीन महिन्यांची बाकी होती, म्हणून आमचा बीम तो सगळ्यांच्या शेवटी देई. सूत आम्ही स्वस्त पाहून घेतले होते, ते मागावर तुटत होते. म्हणजे दोष गादीचा होता आणि शिक्षा मागावरच्या माणसाला झाली.

क्लब असो की कारखाना, घसरण दिसली की मालकाने पहिल्यांदा स्वतःची वही उघडावी. पैसा कुठून येतो, कोणाचे देणे अडले आहे, हाताखालच्या माणसाला आपण काय साहित्य दिले, हे पाहावे. त्या माणसाला समोर बसवून विचारावे. मश्वरा करायला खर्च लागत नाही. एवढे करूनही बदल हवाच असेल तर तो हंगामाच्या आधी करावा, आणि त्याच्याबरोबर कोण कोण निघून जाईल तेही मोजावे. हंगामाच्या मध्यावर माणूस बदलला तर नव्याला कारागिरांची नावे पाठ होईपर्यंत हंगाम संपतो.

आणि खाली घसरलो तरी कुलूप लावण्याची घाई कशाला? गोव्याचा डेम्पो क्लब पाच वेळा देशाचा विजेता. तो २०१५ साली खालच्या वर्गात गेला. त्याने संघ मोडला नाही, २०१६ साली दुसऱ्या वर्गाची स्पर्धा जिंकली. त्यानंतर फुटबॉल महासंघाच्या धोरणाला विरोध म्हणून त्याने स्पर्धा सोडली, ती वेगळी गोष्ट. खालच्या वर्गात एक वर्ष काढण्याची लाज मात्र त्याने धरली नाही. आपल्याकडेही स्वतःचे कापड थांबवून वर्षभर दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने माग चालवणारे मालक आहेत. लोक हसतात, पण माग गंजत नाहीत आणि कारागीर टिकतात.

मार्चमध्ये आम्ही जुन्या मुकादमाच्या घरी गेलो. तो परत आला नाही. नव्या मालकाला शब्द दिला आहे, म्हणाला. पण चहा पाजून त्याने सांगितले, "सेठ, सायझिंगवाल्याचे निम्मे तरी द्या, आणि जे सात माग चालू आहेत त्यांच्या कारागिरांना पार्टीची ऑर्डर दाखवा. काम आहे हे कळले तर ते जाणार नाहीत." आम्ही दुसऱ्याच दिवशी घरातले थोडे सोने मोडून सायझिंगवाल्याला पैसे दिले, आणि ऑर्डरची चिठ्ठी कारखान्याच्या भिंतीला चिकटवली. ईदपर्यंत अठरा माग चालू झाले.