अजगर आणि धानाची बांधी

अजगर या संस्कृत शब्दाचा अर्थ 'बोकड गिळणारा' असा आहे. या नावामुळेच की काय, या प्राण्याविषयी भीती फार व माहिती थोडी अशी स्थिती दिसते. वैनगंगेचा काठ, कोका व पवनीकडील जंगल आणि गावोगावचे मालगुजारी तलाव यांमुळे भंडारा जिल्ह्यात त्यास आसरा, पाणी व भक्ष्य ही तिन्ही लाभतात. साधारणतः ३ मीटर लांबीचा अजगर आढळतो; क्वचित याहून बराच मोठाही असतो.

अजगर विषारी नाही. ओठांवरील खाचांमुळे त्यास अंधारातही भक्ष्याच्या अंगाची ऊब जाणवते. भक्ष्य दातांनी धरून तो विळखे घालतो. त्या दाबाने रक्ताभिसरण थांबून भक्ष्य मरते. हाडांचा चुरा होतो ही समजूत चुकीची आहे. उंदीर, घुशी, ससे व पक्षी हे त्याचे खाद्य होय. एखादे वेळी कोंबडी किंवा शेळीचे करडू जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु धुरे पोखरून बांधीचे पाणी वाहवून देणारे उंदीरही तोच खातो, हेही हिशेबात धरावे. खुराड्याचे दार रात्री पक्के लावणे केव्हाही सोपे.

मोठे भक्ष्य गिळल्यावर तो कित्येक दिवस एका जागी पडून राहतो. अशा वेळी डिवचल्यास गिळलेले ओकून टाकतो व त्याची सारी कमाई वाया जाते.

मादी उन्हाळ्यात अंडी घालते; ती कधी शंभरापर्यंत भरतात. सुमारे दोन महिने ती अंड्यांभोवती वेटोळे घालून उपाशी बसते आणि गारवा वाढल्यास स्नायू थरथरवून ऊब निर्माण करते. सर्पजातीत असे मातृत्व विरळाच. पऱ्हे टाकण्याच्या सुमारास पिले बाहेर पडतात.

खरा धोका येथेच आहे. घोणस, म्हणजे आपल्याकडील परड, हा अत्यंत विषारी साप अजगराच्या पिलासारखा दिसतो. परडाच्या पाठीवर साखळीप्रमाणे एकसारखे लंबगोल ठिपके असतात; अजगराचे डाग वेडेवाकडे असतात. तथापि हा भेद पाहण्यासाठी वाकू नये, व 'अजगराचे पिलू' समजून कोणताही साप हाती घेऊ नये. दंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न घालविता रुग्णास थेट रुग्णालयात न्यावे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत अजगराचा समावेश असून त्यास मारणे वा पकडणे हा गुन्हा आहे. कापणीत अजगर आढळल्यास तेवढा तुकडा सोडून कापणी दुसऱ्या बाजूने चालू ठेवावी आणि वनरक्षकास कळवावे.