मेदपेशींचे संप्रेरक आणि मधुमेहींच्या रोहिणी

पोट सुटले की माणूस खात्यापित्या घरचा दिसू लागला, असे आपल्याकडे कौतुकाने म्हटले जाते. चरबी म्हणजे शरीराने अडीअडचणीसाठी राखून ठेवलेली शिदोरी, ही समजूतही जुनीच आहे. वैद्यकशास्त्रानेसुद्धा दीर्घकाळ मेदाकडे केवळ साठवणुकीची कोठी म्हणूनच पाहिले. गेल्या तीन दशकांतील संशोधनाने मात्र ही दृष्टी पालटली आहे. मेद ही स्वस्थ पडून राहणारी वस्तू नसून रक्तात अनेक संप्रेरके सोडणारी ती एक मोठी ग्रंथीच आहे, हे आता सर्वमान्य झाले आहे. मधुमेहाच्या रुग्णांना हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका इतरांहून अधिक का असतो, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग या संप्रेरकांत सापडतो.

संप्रेरकांचा शोध

१९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात डॉ. जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लावला. मेदपेशी लेप्टिनच्या द्वारे मेंदूला साठा पुरेसा असल्याची वर्दी देतात आणि भूक आवरली जाते. स्थूल व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन भरपूर असते. परंतु मेंदू या वर्दीला दाद देईनासा होतो. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, अ‍ॅडिपोनेक्टिनची माहिती प्रथम प्रसिद्ध झाली. जपानमधील संशोधकांनीही ते स्वतंत्रपणे शोधून काढले.

अ‍ॅडिपोनेक्टिनची रीत काहीशी उलटी आहे. ते मेदपेशींतच तयार होते. तरीही चरबी वाढली की त्याचे प्रमाण वाढण्याऐवजी घटते. स्नायू व यकृत यांनी इन्सुलिनला योग्य प्रतिसाद द्यावा यासाठी त्याचे साहाय्य होते. प्रयोगशाळेतील अभ्यासांत ते रोहिण्यांच्या आतील अस्तराचे रक्षण करते आणि पांढऱ्या पेशींना तेथे चिकटू देत नाही, असे दिसून आले आहे. २००० साली ओसाका विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मधुमेहींच्या रक्तात अ‍ॅडिपोनेक्टिन कमी आढळले. ज्या मधुमेहींना हृदयरोहिणीचा विकार जडला होता, त्यांच्यात तर ते आणखी कमी होते.

रोहिणी कशी जडावते?

सर्वच चरबी सारखी नसते. कातडीखालच्या चरबीपेक्षा पोटातील अवयवांभोवती साचणारी चरबी अधिक उपद्रवी ठरते. या चरबीतून निघणारे बरेचसे रक्त थेट यकृताकडे जाते व त्यासोबत स्निग्धाम्लेही जातात. तुडुंब भरलेल्या मेदपेशींभोवती भक्षक पेशी गोळा होतात आणि सौम्य, पण कायमचा दाह सुरू होतो. दाह वाढविणारी द्रव्ये वाढतात, रक्ताची गुठळी विरघळण्यास अडथळा करणारे द्रव्यही वाढते आणि संरक्षक अ‍ॅडिपोनेक्टिन मात्र घटते. त्यातच रक्तातील वाढलेली साखर, रक्तदाब आणि धूम्रपान यांची भर पडली, की रोहिणीच्या अस्तराला इजा पोहोचते, त्याखाली कोलेस्टेरॉल साचते आणि वाहिनी अरुंद व कठीण होत जाते. हे सारे वर्षानुवर्षे निमूटपणे चालते. मधुमेहात संवेदना-तंतू दुर्बल झालेले असल्यास छातीत कळ न येताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अ‍ॅडिपोनेक्टिनची कमतरता हेच रोहिणीविकाराचे थेट कारण आहे, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. आनुवंशिक अभ्यासांतून तसा स्पष्ट पुरावा मिळालेला नाही. म्हणून ही कमतरता बिघडलेल्या मेदाची खूण समजणे अधिक योग्य होय.

सडपातळ देहातील चरबी

भारतीयांच्या दृष्टीने या विषयाला विशेष महत्त्व आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचेच उदाहरण शास्त्रीय नियतकालिकात मांडले. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता; परंतु शरीरातील चरबी डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. पुणे जिल्ह्यातील सहा गावांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासातही नवजात बालके वजनाने लहान, पण स्नायूंच्या मानाने चरबी राखून असलेली आढळली. काट्यावरचे वजन बेताचे आहे म्हणून निश्चिंत राहणे आपल्याला परवडणारे नाही, हाच याचा अर्थ होय. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

या संप्रेरकांच्या महागड्या तपासण्यांची सर्वसामान्यांस गरज नाही. शिंप्याची फीत पुरेशी आहे. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडल्यानंतर घेतलेले माप पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत पोहोचले, तर ती धोक्याची सूचना समजावी. तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांच्या रक्तदाब व रक्तशर्करा तपासणीची सोय सरकारी आरोग्य केंद्रांतून करण्यात आली आहे. तिचा लाभ प्रत्येक घराने, विशेषतः स्वतःचे दुखणे मागे ठेवणाऱ्या गृहिणींनी, घेतला पाहिजे.

वजन उतरले की अ‍ॅडिपोनेक्टिन पुन्हा वाढू लागते, ही आशादायक गोष्ट आहे. रोजचे झपाझप चालणे, ताटात भाकरी, डाळी व भाज्यांना मान, गोड व तळकट पदार्थांना आवर, तंबाखूचा त्याग आणि डॉक्टरांनी दिलेल्या औषधांत खंड न पाडणे, ही पथ्ये कोणत्याही गावात पाळता येण्याजोगी आहेत. मधुमेहींनी साखरेबरोबरच रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांकडेही लक्ष दिले पाहिजे, कारण रोहिण्यांचे रक्षण या तिन्हींवर अवलंबून असते. शिक्षकांनी शाळेच्या मैदानावर आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय मांडला, तर सुटलेले पोट हे सुबत्तेचे लक्षण नसून वेळीच मिळालेला इशारा आहे, हे घराघरांत पोहोचेल.