तान्ह्या बाळाची फवाऱ्यासारखी उलटी

पहिलटकरणीचा मुलगा, वय जेमतेम चार आठवडे. श्रीवर्धनकडच्या गावातून आजी घेऊन आली होती. "डॉक्टर, पाजलं की भडाभडा टाकतो. दृष्टसुद्धा काढून झाली." मी तपासले, साधे दूध उलटणे समजून थेंब लिहून दिले आणि पाजल्यावर ढेकर काढा म्हणून सांगितले. चार दिवसांनी तेच बाळ परत आले तेव्हा गाल बसले होते, टाळू खोल गेली होती, लंगोट सकाळपासून कोरडा होता. तरीही ते भुकेने मूठ चोखत होते. उलटी होताच पुन्हा दूध मागणारे बाळ, ही खूण मी पहिल्याच दिवशी विचारून घ्यायला हवी होती.

या विकाराला पायलोरिक स्टेनोसिस म्हणतात. जठरातून आतड्यात जाण्याच्या वाटेवरचा स्नायू जन्मानंतर जाड होत जातो व वाट बंद करतो. म्हणूनच दोन-तीन आठवडे बाळ अगदी छान असते. मग उलटी सुरू होते, दिवसागणिक वाढते व हातभर लांब उडते. तिचा रंग दुधासारखा असतो. (उलटी हिरवी असेल तर ते निराळे व अधिक घाईचे दुखणे, त्याच तासाला रुग्णालय गाठावे.) पाजताना पोटावर डावीकडून उजवीकडे लाट सरकताना दिसते, कधी बोराएवढी गाठ बोटाला लागते. सोनोग्राफीत निदान पक्के होते.

मुलग्यांत हा विकार मुलींच्या चौपट-पाचपट, त्यातही पहिल्या अपत्यात अधिक. युरोपीय वंशाच्या लोकांत हजार जन्मांमागे सुमारे दोन-तीन बाळांना होतो. आशियाई बालकांत प्रमाण बरेच कमी. मात्र हे प्रमाण कायमचे ठरलेले नाही. स्वीडनमध्ये १९९०च्या दशकात ते झपाट्याने घटले. त्याच सुमारास तेथे बाळांना पालथे न झोपवता उताणे झोपवू लागले होते. एकामुळेच दुसरे घडले असे सिद्ध झालेले नाही, पण रक्तातला वारसा काही दहा वर्षांत बदलत नाही. बदलतात त्या सवयी. डेन्मार्कमध्ये सत्तर हजारांवर बालकांचा अभ्यास झाला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात बाटलीचे दूध पिणाऱ्यांत हा धोका चौपटीहून अधिक आढळला. आपल्याकडे बाळंतीण माहेरून परतली की बाटली घरात येते, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

दुसरी गोष्ट औषधाची. १९९९ साली अमेरिकेत टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल येथे डांग्या खोकल्याच्या भीतीने सुमारे २०० नवजात बाळांना एरिथ्रोमायसिन देण्यात आले. त्यांपैकी सात बाळांवर पुढे हीच शस्त्रक्रिया करावी लागली. पहिल्या दोन आठवड्यांत हा धोका विशेष असतो. तेव्हा थोरल्या मुलाच्या खोकल्याची उरलेली बाटली तान्ह्याला देऊ नये. खरोखर गरज असेल तर डॉक्टर देतील आणि लक्षही ठेवतील.

उपचार खात्रीचा आहे. रामस्टेट या जर्मन शल्यविशारदाने १९१२ साली मांडलेली पद्धत आजही चालते: जाड स्नायू उभा चिरायचा, आतले अस्तर शाबूत ठेवायचे. बहुतेक बाळे दिवसाभरात पुन्हा दूध पिऊ लागतात. मात्र उलट्यांनी शरीरातले पाणी व क्षार गेलेले असतात, ते सलाइनने भरून काढल्याखेरीज भूल देणे धोक्याचे. जितका उशीर, तितके हे काम लांबते.

आणि उशीर आपल्याकडेच होतो. विकार विरळ, त्यामुळे लवकर आठवत नाही. तान्ह्याला भूल देणारे तज्ज्ञ गावोगाव नसतात. पावसाळ्यात मांडव्याच्या प्रवासी लाँचेस बंद असतात, मग वडखळवरून गाडीरस्ता. माझ्या त्या रुग्णाला परळच्या वाडिया रुग्णालयात पाठवले. क्षार भरण्यातच दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. मुलगा आता शाळेत जातो.

बाळ दोन आठवड्यांहून मोठे, उलटी दिवसेंदिवस वाढती, वजन घटते, लघवी कमी, असे असेल तर तिसऱ्या उपायाची वाट पाहू नका. निघताना साखरपाणी वा घुटी पाजू नये. शेवटची लघवी केव्हा झाली आणि जन्माचे वजन किती होते, एवढे कागदावर लिहून आणावे.