सीएनसीत मागणी आहे. ती नेमकी कोणाला?

जानेवारी 2024 मध्ये राजकोटच्या ज्योती सीएनसी ऑटोमेशन या कंपनीने शेअर बाजारातून 1000 कोटी रुपये उभारले. गुंतवणूकदारांनी भरभरून प्रतिसाद दिला. लेथ आणि मिलिंग मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या शेअरवर अशा उड्या पडाव्यात, हे आपल्याकडे वारंवार घडत नाही. अशा बातम्यांच्या आधाराने दहावी-बारावीच्या निकालानंतर ‘सीएनसीला प्रचंड स्कोप’ असे फलक लागतात. तीन महिन्यांचा कोर्स, हमखास नोकरी, आजच प्रवेश घ्या. पालक गोंधळतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. या लेखात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. मशीनची मागणी खरी आहे, पण मशीनची मागणी म्हणजे आपोआप माणसांची मागणी नव्हे. या क्षेत्रात येणारा पैसा सायकल स्टार्टचे बटण दाबणाऱ्यापेक्षा ड्रॉइंग वाचणारा, मशीन सेट करणारा, प्रोग्रॅम लिहिणारा आणि अचूक मोजणारा माणूस शोधतो. मुलाने किंवा मुलीने इकडे यावे का आणि कोणत्या वाटेने यावे, हे या फरकावरून ठरवायला हवे.

आधी मागणी कुठून येते ते पाहू. अंकांच्या सूचनांवर चालणारे पहिले मिलिंग मशीन 1952 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये दाखवले गेले; तेव्हा सूचना कागदी पट्टीवरच्या छिद्रांमधून दिल्या जात. पुढे पट्टीची जागा संगणकाने घेतली; हीच सीएनसी मशीन. आज गाडीचा गिअर, पंपाची बॉडी, विमानाचा सुटा भाग, गुडघ्याचे कृत्रिम रोपण किंवा मोबाइलची धातूची चौकट यांपैकी काहीही घ्या, धातूला नेमका आकार देण्याचे काम बहुतेक ठिकाणी हीच मशीन करतात. म्हणूनच कोणत्याही उद्योगाने क्षमता वाढवायची ठरवली की ऑर्डर मशीन टूल कंपन्यांकडे जाते. 2021 मध्ये केंद्र सरकारने वाहन आणि सुट्या भागांच्या उद्योगासाठी 25,938 कोटी रुपयांची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना मंजूर केली. संरक्षण साहित्य देशात बनवण्याचा आग्रह वाढला, मोबाइल जुळणीचे कारखाने आले. महाराष्ट्रात चाकण, भोसरी, वाळूज, नाशिकचे सातपूर-अंबड, कोल्हापूरचे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल हे पट्टे बऱ्याच अंशी मशीनिंगच्या कामावर उभे आहेत. आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात घ्यावी. भारतात बसणाऱ्या मशीन टूल्सपैकी किमतीच्या हिशेबाने जवळपास निम्मी आयात होतात. त्यांत जपान, जर्मनी, चीन, तैवान आणि दक्षिण कोरियाचा वाटा मोठा. म्हणजे इथल्या कारखान्यांची गरज देशी उत्पादनापेक्षा बरीच मोठी आहे. शिवाय परदेशातून आलेले प्रत्येक मशीन बसवायला, चालू करून द्यायला आणि बिघडल्यावर दुरुस्त करायला इथलाच तंत्रज्ञ लागतो.

पैसा येतो तेव्हा तो कोणत्या कौशल्याला भाव देतो, हे कर्जाच्या हप्त्यावरून कळते. समजा, एका लघुउद्योजकाने 30 लाखांचे व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचे सीएनसी मिलिंग मशीन) पाच वर्षांच्या कर्जावर घेतले. 10 टक्के व्याजाने महिन्याचा हप्ता सुमारे 64 हजार रुपये बसतो. महिन्याचे 25 दिवस, दोन शिफ्टमध्ये रोज 16 तास मशीन चालले तर 400 तास होतात. म्हणजे नुसत्या हप्त्यापोटी तासाला 160 रुपये. वीज, टूल, कूलंट, गाळ्याचे भाडे आणि पगार वेगळे. आता आठवड्यातून चार वेळा जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा भाग, बदलायचा आहे. एक सेटर दर वेळी पाच तास घेतो, दुसरा दोन तासांत पहिला पीस ओके करून देतो. आठवड्याला 12 तासांचा, महिन्याला जवळपास 50 तासांचा फरक पडला. चारशे तासांतला आठवा हिस्सा! बँक या तासांची सूट देत नाही. त्यामुळे दुसऱ्या सेटरला टिकवण्यासाठी मालक पगार वाढवतो, आणि तो सोडून गेला तर शेजारचा गाळा त्याला लगेच बोलावतो. बटण दाबणारा मात्र उद्या दुसरा मिळतो. मशीन जितके महाग, तितकी ही दरी रुंद होते. फाइव्ह-अॅक्सिस मशीनवर तर ती सर्वांत जास्त असते.

हे कौशल्य म्हणजे नेमके काय, तेही जवळून पाहायला हवे, कारण जाहिरातीत ते दिसत नाही. इलेक्ट्रिक मोटरचे अॅल्युमिनियमचे हाउसिंग घ्या. त्यात 100 मिलिमीटर व्यासाचा बोअर, म्हणजे गोल भोक, आहे आणि ड्रॉइंगवर एच7 टॉलरन्स लिहिला आहे. याचा अर्थ बोअर 100 मिलिमीटरपेक्षा लहान चालणार नाही आणि 35 मायक्रॉनपेक्षा जास्त मोठाही चालणार नाही. 35 मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण निम्मे. मशीनवरून नुकताच उतरलेला जॉब 20 अंश या प्रमाण तापमानापेक्षा 10 अंशांनी गरम असेल, तर अॅल्युमिनियम प्रसरण पावल्यामुळे बोअर 23 मायक्रॉनने मोठा मोजला जातो. पस्तीसातले तेवीस मायक्रॉन तिथेच गेले! गरम असताना ‘ओके’ ठरलेला बोअर थंड झाल्यावर लहान भरू शकतो, आणि मग एका जॉबबरोबर अख्खी बॅच रिजेक्शनमध्ये जाते. ज्याला हे कळते तो जॉब निववून मोजतो, बोअर गेज मास्टर रिंगवर पुन्हा तपासतो, टूलच्या इन्सर्टची धार किती झिजली याचा अंदाज घेतो आणि मगच ऑफसेट, म्हणजे टूलच्या जागेतली दुरुस्ती, देतो. यातले विज्ञान शाळेच्या पुस्तकातले आहे: उष्णतेने होणारे प्रसरण, थोडी त्रिकोणमिती, दशांश अपूर्णांक. ते हातात उतरायला मात्र वर्षे लागतात. तीन महिन्यांत प्रोग्रॅमचे जी-कोड पाठ होतात, ही समज येत नाही.

पालकांचा पहिला आक्षेप मंदीचा असतो, आणि तो अगदी रास्त आहे. हा उद्योग चढ-उताराचा आहे, हे लपवून कोणी मार्गदर्शन करत असेल तर ते ऐकू नये. जपानच्या मशीन टूल उत्पादकांना 2018 मध्ये सुमारे 1 लाख 80 हजार कोटी येनच्या ऑर्डर मिळाल्या होत्या. 2020 मध्ये तो आकडा जवळपास 90 हजार कोटींवर आला, म्हणजे दोन वर्षांत निम्मा झाला. 2021 मध्ये तो पुन्हा दीड लाख कोटींच्या वर गेला. कारखानदाराला मंदीची चाहूल लागली की तो सर्वांत आधी नवे मशीन घेणे पुढे ढकलतो, म्हणून मशीनच्या ऑर्डर बाकीच्या बाजारापेक्षा जोरात पडतात आणि जोरात उसळतात. पण यात एक गोष्ट विसरली जाते. नव्या मशीनची खरेदी थांबते, तेव्हा आधी घेतलेली मशीन भंगारात जात नाहीत. ती दहा-पंधरा वर्षे चालतात. ज्याचे पोट मशीनच्या विक्रीवर आहे त्याला मंदी जास्त जाणवते. जो मशीन चालते ठेवतो त्याला तुलनेने कमी. मंदीत ओव्हरटाइम बंद होतो, कंत्राटी हेल्पर आणि ऑपरेटर आधी घरी जातात, सेटर आणि मेंटेनन्सचा माणूस शेवटपर्यंत ठेवला जातो. चढ-उताराच्या उद्योगात मुलाला पाठवायचे असेल, तर त्याला शिडीच्या खालच्या पायरीवर सोडून चालणार नाही, हा त्याचा अर्थ.

दुसरा आक्षेप इलेक्ट्रिक वाहनांचा. क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, पिस्टन, कनेक्टिंग रॉड यांतले काहीही इलेक्ट्रिक गाडीत नसते, आणि कोल्हापूर-पुण्यातल्या कितीतरी गाळ्यांचे काम याच भागांवर चालते. इंजिनाच्या एकाच भागावर विसंबलेल्या कारखान्याला धोका आहे, हे मान्य करायलाच हवे. पण त्याच गाडीला मोटरचे हाउसिंग, रोटरची शाफ्ट, रिडक्शन गिअर आणि बॅटरीची अॅल्युमिनियमची चौकट लागते, आणि या भागांचेही मशीनिंग होते. गिअरचा आवाज इंजिनाच्या आवाजात लपत नसल्याने अचूकतेची अपेक्षा उलट वाढते. ओतीव लोखंडाचे काम घटून अॅल्युमिनियमचे वाढेल; जॉब पकडणारे फिक्श्चर, टूल आणि कटिंग स्पीड बदलतील. ज्याला एकच जॉब पाठ आहे तो अडकेल. ज्याला धातू, टूल आणि माप यांचे नाते कळते तो नव्या जॉबवर महिन्याभरात रुळेल. मुलाने शिकताना हे नाते शिकावे, एका कंपनीचा एक भाग नव्हे.

तिसरा आक्षेप ऑटोमेशनचा: रोबो जॉब लावणार, सॉफ्टवेअर प्रोग्रॅम लिहिणार, मग माणूस कशाला? इथे गोड बोलून उपयोग नाही. आजच एक ऑपरेटर दोन-तीन मशीन सांभाळतो, आणि जॉब लावणे-काढणे हे काम रोबोकडे जाणारच आहे. त्यामुळे नुसत्या ऑपरेटरसाठी दार अरुंद होत जाईल. पण जॉब कोणत्या बाजूने पकडायचा, कोणता पृष्ठभाग आधार धरायचा, कोणते ऑपरेशन आधी घ्यायचे, पातळ भिंत थरथरू नये म्हणून काय करायचे, हे कोणीतरी ठरवल्याशिवाय रोबोला काम देता येत नाही. सॉफ्टवेअर टूलची वाट आखून देते. ती वाट या मशीनवर, या फिक्श्चरमध्ये धडक न देता चालेल का, हे पाहून सही करणारा माणूस लागतो. ऑटोमेशनमुळे माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट पक्का होतो: खालची पायरी निसटते आहे, म्हणून वर चढण्याची तयारी पहिल्या दिवसापासून हवी.

चौथा आक्षेप मोठ्याने बोलला जात नाही, पण घराघरांत असतो. आयटीआय म्हणजे कमी गुणांच्या मुलांची सोय, हात काळे करायचे काम, तुटपुंजा पगार. पहिल्या दोन-तीन वर्षांत पगार कमी असतो, रात्रपाळी असते, अनेकदा नेमणूक कंत्राटी असते, हे खरे आहे आणि ते मुलांना आधीच सांगायला हवे. त्यापुढचेही सांगायला हवे. ऑपरेटर, सेटर, प्रोग्रॅमर, प्रोसेस किंवा टूल डिझाइन इंजिनिअर, मशीन कंपनीचा सर्व्हिस किंवा अॅप्लिकेशन इंजिनिअर, आणि पुढे स्वतःचा जॉबवर्कचा गाळा, अशी ही शिडी आहे. ती चढता येते, कारण कामाची परीक्षा रोज मोजमापाने होते. पीस टॉलरन्समध्ये आहे की नाही, यावर वशिला चालत नाही. मुलींनीही हे क्षेत्र मोकळ्या मनाने पाहावे. जड जॉब उचलायला क्रेन असते. सेटिंग, प्रोग्रॅमिंग आणि सीएमएम या मोजमाप यंत्रावरच्या तपासणीत ताकदीपेक्षा बारकावा लागतो. मात्र कारखान्यात येण्या-जाण्याची सोय आणि स्वच्छतागृह कसे आहे, हे पालकांनी आधी विचारावे, त्यात संकोच नको.

आता वाटा. दहावीनंतर आयटीआयत टर्नर, मशिनिस्ट किंवा टूल अँड डाय मेकर हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. त्यानंतर 1961 च्या अॅप्रेंटिस कायद्याखाली एखाद्या चांगल्या कारखान्यात उमेदवारी करावी. ती या शिक्षणाचा कणा आहे. आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे, त्यामुळे ‘आयटीआय केले म्हणजे शिक्षण संपले’ ही भीती निराधार आहे. छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्राच्या लघुउद्योग मंत्रालयाची संस्था असून तिथे दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा करता येतो. टूल रूममध्ये घडलेल्या मुलाला कारखाने मान देतात. ज्याला गणितात रस आहे त्याने मेकॅनिकल डिप्लोमा किंवा पदवी करताना प्रत्यक्ष मशीनवरचा सराव सोडू नये. तीन महिन्यांचे कोर्स सर्वस्वी टाकाऊ नाहीत. पाया असलेल्या मुलाला एखादे कॅम, म्हणजे मशीनचा प्रोग्रॅम तयार करणारे, सॉफ्टवेअर शिकायला ते उपयोगी पडतात. पाया नसलेल्याला मात्र ते शिडीच्या त्याच खालच्या पायरीवर नेऊन ठेवतात.

म्हणून फी भरण्यापूर्वी संस्थेत जाऊन चार प्रश्न विचारा. एका मशीनमागे विद्यार्थी किती, आणि माझ्या मुलाचा हात आठवड्याला किती तास मशीनवर असेल? ड्रॉइंग वाचणे आणि मायक्रोमीटर, बोअर गेज वापरणे शिकवता का? साध्या लेथवर आधी काम करायला लावता का? मागच्या बॅचची मुले आज कोणत्या कामावर आहेत, ऑपरेटर की सेटर? उत्तरे टाळली गेली तर तिथून उठा, फलकावर कितीही मोठा आकडा लिहिलेला असो. आणि मुलाला साधने जुळवण्यात, मोजण्यात, बिघडलेले उघडून पाहण्यात खरोखर रस असेल, तर नातेवाईक काय म्हणतील याचा विचार न करता त्याला या वाटेवर पाठवा. मात्र पूर्ण वाट चालू द्या. तीन महिन्यांवर थांबवू नका.